गळ्याखालची गाठ : कुत्र्या-मांजरांचा लिम्फोमा



रानात राखण करणारा कुत्रा आणि कणगीजवळ उंदीर धरणारी मांजर घरातलीच असतात. आज त्यांच्या एका आजाराविषयी बोलू. त्याचं नाव लिम्फोमा. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा हा कर्करोग. तो माणसाला लागत नाही.

कुत्र्याच्या जबड्याखाली, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यामागे गाठी फुगतात. दाबल्या तरी दुखत नाहीत, म्हणून आपण सोडून देतो. पण प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. गोचिडापासून येणाऱ्या तापातही गाठी सुजतात आणि तो ताप औषधाने बरा होऊ शकतो. म्हणून आधी तपासणी. डॉक्टर बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासतात. त्याआधी कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉईडची गोळी देऊ नका. गाठ थोडे दिवस बसते, रोग झाकला जातो आणि पुढची केमोथेरपी कमी लागू पडते.

लिम्फोमाच निघाला तर पुढे काय? उपचार न केल्यास बहुतेक कुत्रे 1 ते 2 महिने जगतात. नुसत्या स्टेरॉईडने साधारण 2 ते 3 महिने बरे जातात. अनेक औषधांच्या केमोथेरपीने 10 पैकी 8 कुत्र्यांच्या गाठी बसतात आणि बरेचसे वर्षभर जगतात. रोग कायमचा जाणं मात्र विरळा. बी प्रकारच्या पेशींचा रोग असेल तर आशा जास्त, टी प्रकारात कमी.

मांजरात हा रोग बहुधा आतड्यात होतो. मांजर वाळत जाते, उलट्या-जुलाब होतात. सावकाश वाढणारा प्रकार असेल तर घरी द्यायच्या गोळ्यांवर ती 2 वर्षं किंवा जास्तही जगते. झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारात काही महिनेच मिळतात.

केमोथेरपीला खर्च येतो, फेऱ्याही पडतात. म्हणून डॉक्टरांना आधीच तीन गोष्टी विचारा : प्रकार कोणता, एकूण खर्च किती, आणि किती दिवस चांगले जातील? माणसांपेक्षा जनावरांना औषधाचा डोस सौम्य असतो. बहुतेकांचे केसही जात नाहीत. उपचार चालू असताना त्यांची लघवी-विष्ठा हातमोजे घालून साफ करा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने ते काम करू नये, त्या गोळ्यांनाही हात लावू नये. आणि मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. ते तिच्यासाठी विष आहे.

घरात पैसा नसेल तर केमोथेरपी न करणं म्हणजे निर्दयपणा नव्हे. स्टेरॉईडवर त्याचे दिवस सुखाचे करता येतात. तो खायचा थांबला, उठेनासा झाला, धाप लागली, की डॉक्टरांना शांत मरणाविषयी विचारा. तीही मायाच आहे.

आज संध्याकाळी भाकर घालताना त्याच्या गळ्याखालून एकदा हात फिरवा. गाठ लागली तर उद्याच दवाखाना गाठा.