फडावरच्या मुलीची गोष्ट
(रेडिओवरील भाषण)



दया पवार यांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ साली. मराठी वाचकाला हलवून सोडणारी ही पुस्तकं. त्यांतली किती पानं बालपणाची आहेत! भूक, शाळा, मार, वणवण, सगळं कोवळ्या वयात सोसलेलं. पण ज्या वयाच्या पोराची ती कहाणी आहे, त्या वयाच्या पोराच्या हातात आपण ती पुस्तकं देत नाही. त्यात चूकही नाही, कारण ते मोठ्या माणसानं मोठ्यांशी बोलणं आहे. मग दहा-बारा वर्षांच्या वाचकासाठी हे जगणं कुणी लिहायचं आणि कसं लिहायचं? मी लिहायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्यासमोर आहे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी बीड जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावची. दसरा-दिवाळी उरकली की आमच्याकडची गावं ओस पडतात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यामागे. मग भांडीकुंडी, बाजरीची पोती आणि लेकरं गाडीत घालून टोळ्या ऊसतोडीला निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पार बेळगावपर्यंत. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की माणसं पाडव्याच्या आगेमागे परततात. शाळेचं दुसरं सत्र नेमकं याच काळात येतं. मी अशाच टोळीतून गेलेली मुलगी आहे आणि माझ्या गोष्टी तिथूनच येतात.

फडात, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतात, माझ्याकडे वाढ्यांचं काम असे. मोठी माणसं ऊस बुडातून तोडत, पाचट काढत, शेंडा छाटत. तो छाटलेला हिरवा शेंडा म्हणजे वाढं. दोन वाढी एकमेकांत पिळून मी बंद तयार करायचे आणि तो जमिनीवर आडवा टाकायचे. त्यावर ऊस रचले जात आणि गुडघा रोवून बंद आवळला जाई. ही झाली मोळी. तीच डोक्यावर घेऊन माय फळीवरून ट्रकवर चढायची. ‘पीळ नीट दे गं, नाहीतर सुटंल माझ्या मानंवर,’ असं ती रोज बजावायची. माझा बंद कधी सुटला नाही, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

पुढे शिकले तेव्हा याला बालमजुरी म्हणतात हे कळलं. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला, तो मी शिक्षिका म्हणून वाचला आणि रात्रभर अस्वस्थ होते. तो संताप खरा आहे आणि आजही आहे. पण तो माझा, मोठ्या बाईचा. फडातल्या त्या मुलीला संताप नव्हता. तिला आपल्या हातातल्या कसबाची ऐट होती, आणि वर्गात आपली जागा रिकामी राहते याची रुखरुख होती. मुलांसाठी लिहिताना मी तिच्या तोंडी माझा संताप घालत नाही. एकदा का तो घातला, की ती मुलगी नाहीशी होते आणि उरते एक बिचारी. वाचणारं मूल तिची कीव करतं, पुस्तक मिटतं आणि खेळायला जातं. कीव फार स्वस्तात मिळते.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ आठवा. १९३३ सालची ही कथा. हमीदजवळ फक्त तीन पैसे आहेत. बाकीची पोरं मातीची खेळणी घेतात, आणि हा भाकरी भाजताना आजीचे हात पोळतात म्हणून चिमटा घेतो. प्रेमचंद इथे थांबले असते तर ती गरीब, गुणी मुलाची गोष्ट झाली असती. पण पुढे हमीद मित्रांशी हुज्जत घालतो, आपला चिमटा सगळ्यांत भारी कसा ते ठासून सांगतो आणि जिंकतो! अनाथ, गरीब पोर जिंकतं, तेही जिभेच्या जोरावर. म्हणून वाचणाऱ्या मुलाला तो आपल्यातला वाटतो.

मग समाजाचं भान कुठून यायचं? माझ्यापुरतं उत्तर सांगते: हिशेबातून. माझ्या एका गोष्टीतली मुलगी टोळीबरोबर निघण्याआधी शाळेत भागाकार शिकलेली आहे. फडावर तिला सतत काही ना काही मोजायची खोड आहे. ती मोळ्या मोजते, गाडीत किती टन बसतात ते मोठ्यांच्या बोलण्यातून टिपते, टनाचा भाव तिला ठाऊक होतो. हंगाम संपताना मुकादमाच्या वहीत बापाच्या नावावर बाकी निघते. एवढं राबूनही उचल फिटलेली नाही, म्हणजे पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाकडे. मुलगी आपल्या पाटीवर हिशेब मांडते तेव्हा तिचा आकडा वेगळा येतो.

इथं लेखकाला मोह होतो. मुलीनं भर टोळीत मुकादमाला खोटं पाडावं, सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात. बालवाचकालाही ते आवडेल. पण तसं होत नाही हे मला माहीत आहे, आणि फडावरून आलेल्या प्रत्येक वाचकाला माहीत आहे. म्हणून गोष्टीतला मुकादम हसतो आणि वही मिटतो. तो राक्षसही नाही. तोही कधी काळी कोयताच होता. कारखान्याशी करार त्याच्या नावावर आहे, आणि एका टोळीनं उचल घेऊन पोबारा केल्यामुळे तो स्वतः कर्जात आहे. पैसा वरून खाली कसा येतो आणि वाटेत कुणाच्या गळ्याला फास बसतो, हे अकरा वर्षांच्या मुलाला व्यवस्थित कळतं. पुढच्या दसऱ्याला बाप अंगठा उठवण्याआधी वही मुलीपुढे धरतो, एवढाच फरक मी गोष्टीत घडवला. त्याहून मोठा फरक घडवायची माझी हिंमत नव्हती, आणि तो खराही वाटला नसता.

स्वतःच्या आयुष्यातून लिहायचं म्हणजे आपल्या माणसांचं जे अवघड आहे तेही लिहायचं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ साली ते प्रसिद्ध झालं. त्यातला मोळीचा प्रसंग मला सतत आठवतो. अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडलेली असते. आई श्यामला सांगते, जा, तिला उचलू लाग. आणि मग घरी येऊन आंघोळ कर. गुरुजींना ती आंघोळ गाळता आली असती. आई आणखी थोर दिसली असती. त्यांनी ती ठेवली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून याच माणसानं उपोषण केलं. आईनं जिथवर आणून सोडलं तिथून पुढे किती चालायचं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, असं मला वाटतं. आईवरचं अपार प्रेम आणि हा खरेपणा एकाच पानावर नांदतात, हे त्या पुस्तकाचं मोठेपण.

एक पथ्य मात्र मी पाळते. माझं दुःख लिहायचा हक्क माझा आहे, मैत्रिणीचं दुःख तिचं आहे. गाव लहान असलं की नाव बदलून भागत नाही. घराच्या खुणेवरून, आजारावरून लोक माणूस ओळखतात. चौदाव्या वर्षी लग्न लावलेल्या मुलीची गोष्ट लिहायची तर मी ती कुणा एकीची ठेवत नाही. कल्पित कथेनं दिलेली ही मोकळीक मला फार मोलाची वाटते. तिच्या आडोशानं खरं बोलता येतं आणि कुणाची बेअब्रू होत नाही.

माझे वाचक दोन ठिकाणी आहेत. शहरात चहात साखर ढवळणारं मूल आणि त्या साखरेच्या उसाखाली वाढलेलं मूल. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि दोघांच्याही शाळेत पोचतं, म्हणून मुलांच्या मासिकात लिहायला मला आवडतं. शहरातली मुलं विचारतात, ‘ती परत शाळेत आली का?’ आमच्याकडची मुलं विचारतात, ‘बाई, भागाकार बरोबर होता का?’ आणि स्वतः करून बघतात.

आता गोष्टही बदलते आहे. काही मुलं आईबापांबरोबर जात नाहीत, गावातच राहतात. दोन वेळचं जेवण हंगामी वसतिगृहात, झोपायला आजीकडे. हे मी जगलेले नाही. मागे राहणाऱ्या मुलाच्या घरात काय असतं, ते मला विचारूनच समजून घ्यावं लागतं. एका मुलानं सांगितलं, गाडी भरून झाल्यावरच आईचा फोन येतो, कधी अकरा वाजता, कधी बारा. म्हणून तो दिवसभराच्या बातम्या क्रमानं लक्षात ठेवतो, म्हणजे कमी वेळात जास्त सांगून होतात. त्या मुलाला घेऊन एक कादंबरी लिहिते आहे. येत्या दसऱ्याच्या आत, टोळ्या निघण्याआधी, तिचा खर्डा वसतिगृहातल्या मुलांना वाचून दाखवायचा आहे. त्यांचे आईबापही त्या वेळी गावात असतील, त्यांनाही बसवणार आहे.