लस दंडावर, दुखणं काखेत



लस घेतली दंडावर…
आणि दोन दिवसांनी दुखते काख.
2021 साली कोरोनाची लस घेतल्यावर अनेकांना हा अनुभव आला.
काखेत बोराएवढी गाठ लागली,
की माणूस घाबरणारच.

मंडळी, काखेत लसिका ग्रंथी असतात.
दंडावरच्या लशीची खबर आधी त्यांना लागते.
त्या कामाला लागतात, सुजतात, दुखतात.
यालाच आपल्याकडे अवधाण म्हणतात.
लक्षात ठेवा…
लस ज्या हाताला, अवधाणही बहुधा त्याच काखेत.
ते काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरतं.

तान्ह्या बाळाला बीसीजीची लस देतात डाव्या दंडावर.
त्याच्या डाव्या काखेत गाठ येऊ शकते,
तीही काही आठवड्यांनी.
तिला शेकू नका, चोळू नका.
आजीबाईंचा लेप तर नकोच.
बाळाला एकदा डॉक्टरांना दाखवा.

पण दोष दर वेळी लशीचाच नसतो.
सोयाबीन काढताना बोटाला विळा लागला,
जखम पिकली,
तरी काखेत अवधाण येतं.
काखेत केसतोड झाला, तरी दुखतं.

गाठ वाढत गेली, कडक लागली,
लाल झाली, पू आला,
ताप हटेना,
किंवा लस एका हाताला अन् गाठ दुसऱ्या काखेत असेल…
तर थांबू नका.
जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.
नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय आहे,
लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.
तिथे दाखवताना लस कधी आणि कोणत्या हाताला घेतली,
तेवढं मात्र आठवणीनं सांगा.