कागद फोनवर आला, खूण आपण करायची
(शाखा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आज मी मागण्यांवर बोलणार नाही. कागद वाचण्यावर बोलणार आहे. जो कागद आपण वाचत नाही, तोच एक दिवस आपल्या विरुद्ध उभा राहतो.

पूर्वी परिपत्रकाची सायक्लोस्टाइल प्रत शाखेत यायची. तिच्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा व्हायच्या आणि मग ती हातोहात फिरायची. आज तेच परिपत्रक पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर येते. आपण अंगठा दाखवतो आणि पुढच्या गटात ढकलतो. कागद शंभर जणांकडे पोहोचतो, पण वाचतो कोण? ती लाल पेन्सिल आपल्याला फोनवर परत आणायची आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

अ‍ॅडोबी कंपनीचे अ‍ॅक्रोबॅट रीडर हे अ‍ॅप मोफत आहे. पीडीएफ हा प्रकारही याच कंपनीने १९९३ साली आणला. प्ले स्टोअरवर अशाच नावांची बरीच अ‍ॅप आहेत, म्हणून उतरवून घेताना कंपनीचे नाव पाहा. वाचणे, शब्द शोधणे, खुणा करणे आणि टिपा लिहिणे एवढे फुकट मिळते. मूळ मजकूर बदलायचा किंवा फाइलचा प्रकार बदलायचा म्हटले की अ‍ॅप पैसे मागते. ते आपल्याला नको. ‘काही दिवस फुकट वापरा’ असे म्हणून कार्डाचा नंबर मागितला तर देऊ नका.

आता उपयोग कुठे, ते सांगतो. १९६८ च्या शिस्त व अपील नियमांखाली मोठ्या शिक्षेसाठी एसएफ-५ मिळतो. त्याला चार जोडपत्रे असतात. पहिल्यात आरोप, दुसऱ्यात आरोपांचा तपशील, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी आणि चौथ्यात साक्षीदारांची यादी. उत्तराला मुदत दहा दिवसांची. माणूस पहिले चार दिवस घाबरण्यात घालवतो आणि पुढचे चार कोणाला तरी शोधण्यात.

तसे करू नका. हातात कागद मिळाला असेल तर तो फोनने स्कॅन करून घ्या. गूगल ड्राइव्हमध्ये ही सोय मोफत आहे. मग ती फाइल रीडरमध्ये उघडा. पेन्सिलीचे चिन्ह दाबले की साधने दिसतात: रंगाची पट्टी, अधोरेखा, हाताने रेघ ओढायचे पेन आणि टीप चिकटवायची चिठ्ठी. तारखांना पिवळा रंग द्या, खोट्या वाटणाऱ्या विधानांना लाल. मग पहिल्या जोडपत्रातला एकेक आरोप घ्या आणि त्याच्यासाठी तिसऱ्यात कागद आहे का, चौथ्यात साक्षीदार आहे का, ते पाहा. नसेल तर तिथेच चिठ्ठी चिकटवा: ‘याला पुरावा काय?’ अशा चार चिठ्ठ्या झाल्या की उत्तराचा सांगाडा तयार होतो. आपला डिफेन्स हेल्पर दुसऱ्या गावी असला तरी ही प्रत त्याला पाठवता येते. तो नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवू शकतो. टपाल खात्यातल्या बांधवांना १९६५ च्या नियमांतील नियम १४ खाली आरोपपत्र आले, तरी वाचायची रीत हीच.

एक अडचण येईल. कित्येक परिपत्रके म्हणजे कागदाचा नुसता फोटो असतो. तिथे शब्दावर बोट दाबून धरले तरी अक्षर पकडले जात नाही आणि शोधही चालत नाही. फोन बिघडला असे समजू नका. अशा वेळी पेन घेऊन रेघ ओढा. मजकूर अक्षरांचा असेल तर मात्र भिंगाच्या चिन्हाचा फार उपयोग होतो. २०१५ सालचा सातव्या वेतन आयोगाचा इंग्रजी अहवाल सुमारे नऊशे पानांचा आहे. त्यात आपल्या कॅटेगरीचे नाव टाकले की ते जिथे जिथे आले आहे ती पाने समोर येतात.

सिकंदराबाद, हुबळी, इटारसी अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या मराठी बांधवांना कागद येतो इंग्रजीत नाहीतर हिंदीत. त्यांनी अवघड वाक्याशेजारी चिठ्ठीत मराठी अर्थ लिहावा. फोनच्या कीबोर्डवर मराठी लिहिता येते. ज्याला इंग्रजी येते त्याने एकदा लिहिले, तर तीच प्रत गँगमनच्या क्वार्टरपासून सॉर्टिंग ऑफिसपर्यंत साऱ्यांच्या कामाला येते.

आता तीन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, मूळ फाइल कोरीच ठेवा. तिची दुसरी प्रत करून तिच्यावरच खुणा करा. आपल्या टिपा फाइलबरोबर प्रवास करतात. खुणा केलेली प्रत चुकून साहेबाकडे गेली, तर आपला सगळा बचाव त्याला आधीच कळेल.

दुसरी, आधार किंवा बँक खात्याचा नंबर काळी रेघ ओढून झाकला म्हणजे तो पुसला गेला असे नाही. रेघ वरवरची असते. ती काढली की नंबर खाली तसाच दिसतो. गटात टाकायच्या कागदावर असा नंबर असेल तर तो कागद टाकूच नका.

तिसरी, फोनवरची खूण म्हणजे उत्तर नव्हे. उत्तर कागदावर, सहीनिशी, मुदतीत द्यायचे आणि त्याची पोच घ्यायची. शिवाय हे सगळे ड्युटी संपल्यावर. गाडीवर आणि रुळावर फोन हातात नको.

प्रत्येक शाखेने एक काम करावे. महिन्यातून एका रविवारी एकच परिपत्रक घ्यावे. चार जणांनी आपापल्या फोनवर खुणा करून यावे आणि खुणा ताडून पाहाव्यात. एकाच्या नजरेतून सुटलेली ओळ दुसऱ्याला सापडते. साहेबासमोर ‘मला असे सांगितले होते’ म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही. ‘पान तीन, परिच्छेद दोन, असे लिहिले आहे’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.