पहिली दोन वर्षं

व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, परगावाहून आलेले प्राध्यापक, कारखानदार बंधू-भगिनी आणि मागच्या रांगेत पंख्याखालची जागा धरून बसलेले माझे तरुण अभियंते मित्र-मैत्रिणी,



स्वागताध्यक्षानं गावाची थोरवी गायची असते, ती लगेच उरकतो. दसऱ्याला पालख्यांची शर्यत लावणारं हे विटा गाव. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत आम्ही देशात पहिले आलो. रात्री लवकर झोप लागली नाही, तर ती यंत्रमागांची खडखड आहे असं समजा; आम्हाला ती थांबली की जाग येते.

आता मुद्द्याचं. हा दुष्काळी मुलूख. टेंभू सिंचन योजनेचं पाणी अलीकडचं. त्याआधी पावसानं तोंड फिरवलं की घरटी एक पोरगा बाहेर पडायचा. केरळ, तमिळनाडू, पंजाब, आसाम, जिथं सराफी पेठ तिथं खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं हा त्याचा धंदा. सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात चांदी मिसळावी लागते, इतकी की सोनं चौथा हिस्सा उरावं. मग नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी राहते ती तपकिरी भुकटी. नवख्याला वाटतं, मालकाचं सोनं बुडालं! ती भुकटी धुऊन, टंकणखार घालून मुशीत वितळवली की पिवळाधमक रस दिसतो. विरघळलेली चांदीसुद्धा सोडत नाहीत. द्रावणात तांब्याची पट्टी टाकून ती परत मिळवतात.

हे रसायन आमच्या पोरांना कुणी फळ्यावर शिकवलं नाही. मामाच्या, चुलत्याच्या दुकानी जायचं, तिथंच झोपायचं. सुरुवातीला काम झाडलोटीचं, पण केर फेकायचा नाही, कारण त्यात सोन्याचे कण असतात. मग भट्टी, मग मूस, मग एके दिवशी मामा म्हणायचा, “आजचा माल तू काढ.” चुकलं तर मामा शिव्या द्यायचा आणि पुन्हा शेजारी बसायचा. या सगळ्यात प्रेरणेवरचं व्याख्यान कुठंच नव्हतं. मामा मात्र होता.

आपल्या अभियंत्याला आज हा मामा मिळत नाही. पदवी घेऊन पोरगी कंपनीत लागते आणि वर्षभर कुणीतरी केलेल्या तक्त्यांत आकडे भरते. यंत्राला हात लावायचा नाही, कारण यंत्र महागाचं. प्रश्न विचारायचा नाही, कारण साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्या वर्षी ती नोकरी सोडते आणि आपण म्हणतो, “हल्लीच्या पोरांत चिकाटी नाही.” मला हे पटत नाही. चिकटायला काहीतरी हातात द्यावं लागतं.

दाखला फार लांबचा नको. आपल्या शेजारी पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळावर आले. लोखंडी नांगर जमिनीत विष कालवतो असं शेतकरी म्हणायचे, तो काळ. सोबत कोण? अभियांत्रिकीचं शिक्षण अर्धवट सोडलेले शंभुराव जांभेकर, शाळा सोडलेले अनंतराव फळणीकर. आजच्या भरतीत यांचे अर्ज पहिल्याच चाळणीत गळाले असते. लक्ष्मणरावांनी त्यांच्या हातात काम दिलं आणि त्यातून कारखाना उभा राहिला. पदवी नको, असं मी म्हणत नाही, प्राध्यापकांनी कृपया गैरसमज करून घेऊ नये. पदवीनंतर कोण शेजारी बसतं, एवढंच विचारतोय.

दुसरा दाखला विश्वेश्वरय्यांचा. पुण्यात शिकून ते १८८४ मध्ये बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. खडकवासला धरणाचे त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले १९०३ साली. मधली एकोणीस वर्षं कालव्यांवर आणि पाणीपुरवठ्याच्या कामांवर गेली. आपण दरवर्षी १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि आपल्या नव्या पोराकडून सहा महिन्यांत निकाल मागतो.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ पासून पदवीधर आणि पदविकाधारक अभियंतेही त्यात आले. म्हणजे सोय आहे. पण आम्ही कारखानदार, मीसुद्धा त्यातलाच, शिकाऊ म्हटलं की स्वस्तातला हात समजतो. या परिषदेत त्यावर आम्हाला दोन शब्द कडक ऐकवा.

आमच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये जॉबर असतो. माग बिघडला की तो आधी नुसता ऐकतो. धोट्याचा मार कमी पडतोय की पट्टा सैल, हे त्याला आवाजावरून कळतं. नवे रेपिअर माग आले, त्यांच्या पडद्यावर बिघाडाचा क्रमांक दिसतो आणि तिथं जॉबर अडतो. इथल्याच एका शेडमध्ये एक पदविकाधारक मुलगी त्याच्या शेजारी उभी राहिली. ती पडद्यावरचा क्रमांक वाचायची, तो सुताचा ताण बोटानं बघायचा. पहिले काही दिवस दोघांचं पटलं नाही. आता बिघाड झाला की मालक दोघांनाही एकदम हाक मारतो, आणि चहाही दोघांना येतो.

पोरं पुण्याला जातात, याचं आम्हाला दुःख नाही. गलाईवालेही गेलेच की. जत्रेला मात्र परत येतात, गावच्या शाळेला वर्गखोली बांधून देतात. तुम्हीही सुट्टीत येऊन इथल्या एखाद्या पोराच्या शेजारी दोन दिवस बसा, एवढंच मागणं.

तर उद्या सकाळी आठला नाश्त्यानंतर शेड बघायला गाड्या निघतील. मालकांशी बोलणं झालंय. बंद मागांना हात लावायची पूर्ण मुभा आहे, चालू मागांना नाही. ओढण्या, सैल बाह्या आवरून घ्या, पायांत बूट घाला. फोटोसाठी मागाच्या कडेला कुणीही उभं राहू नका, धोटा कधीकधी उडतो. आणि प्रश्न मालकांना विचारण्याआधी जॉबरला विचारा.