संगणकावरील याद्या आणि आपली वर्णमाला

याद्या लावण्याचे काम आता संगणक क्षणार्धात करतो. कोड एडिटरमध्ये एका ओळीत एक नाव लिहून आज्ञा दिली की ओळी क्रमाने लागतात. मात्र तो क्रम आपल्या वर्णमालेचा असेलच असे नाही. साधी आज्ञा पुष्कळदा प्रत्येक अक्षराचा संकेतांक तेवढा पाहते. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे आहे. मराठीत तो 'ह'नंतर येतो. म्हणून 'काळे' हे 'काशीद'च्या आधी जाते. 'क्ष' हा तर यंत्राच्या लेखी क आणि ष यांचा निव्वळ जोड. त्यामुळे 'क्षीरसागर' यादीच्या अखेरीस न येता 'ख'च्या आधी बसते. माझ्या पाहण्यातील एका गावी याच आडनावाच्या वृद्धेला, शेवटच्या पानावर नाव नाही म्हणून, परत पाठविण्यात आले. नाव यादीत होतेच.

सर्व्हे नंबरांची गत निराळी नाही. अंक मजकूर म्हणून वाचले गेले, तर १० हा २ च्या आधी येतो. ०२ असे लिहावे, अथवा अंकानुसार लावण्याची सोय असल्यास ती वापरावी. नावांसाठी मराठी क्रम निवडता येत असेल तर उत्तमच; नसेल तर चावडीवर लावण्यापूर्वी यादी गावच्या शिक्षकांच्या नजरेखालून घालावी.