रक्ताची परीक्षा आणि आम्लाचा बोळा

दुधात लिंबू पिळले की ते नासते आणि अंडे उकडले की आतला पातळ भाग पांढरा होऊन घट्ट बसतो. दोन्हीकडे बदलते ते प्रथिन. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या दोन परीक्षा, एक नवी नि एक जुनी, याच साध्या गोष्टीवर उभ्या आहेत. मी डॉक्टर नव्हे. पण हा विषय नुसता डॉक्टरांवर सोपवून भागणार नाही, म्हणून बोलतो.

नवी परीक्षा रक्ताची. रक्तद्रव सावकाश तापवत नेला की त्यातले एकेक प्रथिन आपापल्या अंशावर विस्कटते आणि तेवढी उष्णता शोषून घेते. तिचा आलेख काढला तर निरोगी माणसांचा आलेख बहुधा एकाच घाटाचा येतो. रोगात निराळेच पदार्थ प्रथिनांना चिकटतात आणि आलेखाची शिखरे सरकतात. अमेरिकेतील लुईव्हिल विद्यापीठाच्या संशोधकांनी या कर्करोगाच्या रुग्णांत असा फरक दाखविला. कल्पना सुरेख खरी! आतून तपासून घ्यायला संकोचणारी बाई हात पुढे करायला का कू करणार नाही.

परंतु ही परीक्षा अजून संशोधनातच आहे. शिवाय कर्करोग होण्याआधी कितीतरी वर्षे बिघाड असतो तो वरच्या थरातल्या थोड्या पेशींत. त्याची खूण रक्तात उमटेलच असे नाही. आणि पकडायचे तर तेव्हाच.

जुनी परीक्षा नेमके तिथेच पाहते. सौम्य केलेल्या ॲसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरातल्याच आम्लाचा, बोळा गर्भाशयमुखाला लावायचा आणि मिनिटभर थांबायचे. बिघडलेल्या पेशींतले प्रथिन साकळते आणि तेवढा डाग पांढरा दिसतो. चांगला उजेड नि शिकलेली नजर, एवढे पुरते.

टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये याचा प्रयोग केला. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. तुलनेसाठी निम्म्या स्त्रियांना केवळ माहिती दिली, तपासले नाही. त्यावर पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला: तपासलेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की बोलावलेल्या शंभरांतल्या जवळजवळ नव्वद बायका आल्या. संकोच होताच, पण घरी येऊन कोणी नीट समजावले होते.

एरवी काय होते? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या शंभरांत दोघीही नव्हत्या. घाटकोपरला आमच्या चाळीतल्या एका वहिनींना आमच्या घरातून विचारले, तर म्हणाल्या, "दुखतखुपत नाही काही, मग उगाच दाखवायचं कशाला?" अहो, सुरुवातीला हा रोग दुखतच नाही!

आता या रोगाच्या विषाणूचीही परीक्षा आहे आणि तिचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. तिशी उलटलेल्या स्त्रीने आम्लाची किंवा विषाणूची परीक्षा करून घ्यावी. मात्र पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, किंवा अंगावरून दुर्गंधीचे पाणी जाऊ लागले, तर परीक्षेच्या शिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. आणि घरच्या पुरुषाने, लोकलची गर्दी असो की नसो, सोबत जावे.