बालवाडीत मूल शिकते तरी काय?



शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की बालवाडीच्या दाराशी पालकांचा एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "लिहायला केव्हा शिकवणार?" तीन वर्षांच्या मुलाची पाटी कोरी दिसली की आपण भरलेली फी वाया गेली, असे त्यांना वाटते. या चिंतेचा शांतपणे विचार करू या.

लहान मुलाचा हात अजून घडत असतो. मणी ओवणे, माती मळणे, कागद फाडून चिकटवणे, या खेळांतून बोटांना बळ येते व डोळ्याची आणि हाताची जोडी जमते. पेन्सिल पुढे याच बोटांनी धरायची असते. चिंचोके व खडे लहानमोठे वेगळे करताना मूल तुलना आणि वर्गीकरण शिकते. गणिताचा पाया हाच. झोपाळ्यावर आपली पाळी येईपर्यंत थांबणे हा तर नागरिकत्वाचा पहिला धडा होय.

१९०७ साली रोममध्ये मारिया मॉन्टेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर स्थापन केले. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीस, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम आरंभिले. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शंख, शिंपले, बिया आणि पाने हीच साधने झाली. मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मराठी कुटुंबांना आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. बालवाडीची भाषा कानडी, गुजराती, हिंदी वा इंग्रजी असेल. तीही मूल सहज उचलते. परंतु भूक, भीती, कुतूहल त्याने प्रथम घरच्या बोलीत अनुभवलेले असते. तिच्यावर ते उभे राहते, तेव्हाच दुसऱ्या भाषेकडे निर्भयपणे पाऊल टाकते. १९७० किंवा २०२० काय, काळ बदलला तरी मुलाचे मन याच क्रमाने वाढते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे आरंभीचे शिक्षण घरच्या भाषेत द्यावे, असेच म्हटले आहे.

म्हणून पाटीची घाई नको. रोज रात्री एक गोष्ट मराठीत सांगा, भाजी निवडताना शेंगा मोजू द्या. अक्षरे आपल्या वेळेला येतील; शिकण्याची गोडी मात्र एकदा उडाली, तर ती परत आणणे फार कठीण असते.